घरी रेकॉर्ड केलेला पहिला अल्बम लोकांपर्यंत पोचवायचा कसा? (अमेरिकाना/फोक बँड)

डोंगरवाट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नॉर्थ कॅरोलायनात ॲशव्हिलजवळ राहते आणि गेली सहा वर्षं इथल्या तिघांच्या एका बँडमध्ये फिडल वाजवते. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाद्य तेच, वाजवायची तऱ्हा वेगळी. पुण्यात आठ वर्षं क्लासला जाऊन मांडी घालून हिंदुस्थानी व्हायोलिन शिकले होते, इथे आल्यावर पेटी कपाटावर गेली ती गेलीच. मग शेजारच्या बाई एकदा हाताला धरून जॅमला, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून वाजवायच्या बैठकीला, घेऊन गेल्या. तिथे एका म्हाताऱ्या आजोबांनी फिडलच्या तारा ए-ई-ए-ई अशा लावल्या आणि मी चाटच पडले, कारण ते सरळ आपलं सा-प-सा-प होतं! क्लासमध्ये पहिल्या दिवशी लावायला शिकवलेलं तेच. त्या दिवसापासून मी इथलीच झाले म्हणा ना.

बँडमधले बाकी दोघं: एक गिटार वाजवतो, गाणी लिहितो आणि दिवसा शाळेची बस चालवतो. दुसरी बँजो वाजवते आणि सुतारकाम करते. आम्ही स्टुडिओ बुक केला होता, पैसे साठवले होते, पण २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळ आलं आणि स्टुडिओत नदीचं पाणी शिरलं. ॲशव्हिलला नळाला पिण्यालायक पाणी यायला १८ नोव्हेंबर उजाडला, तिथे स्टुडिओचं कोण बघतो. शेवटी बँजोवालीच्या बेसमेंटमध्येच रेकॉर्ड करायचं ठरलं. दोन माइक, एक लॅपटॉप, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला सासूबाईंच्या गोधड्या. अकरा शनिवार-रविवार लागले. वरच्या फ्रिजचा घुंई आवाज यायचा म्हणून तो बंद करायचो आणि पुन्हा चालू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची! (ही युक्ती गिटारवाल्याची.)

आता प्रश्न. अल्बम तयार आहे, दहा गाणी, अडतीस मिनिटं. मास्टरिंगचे (आवाजाच्या शेवटच्या सफाईचे) पैसे देऊन झाले. आमच्या डब्यात २४०० डॉलर उरलेत (खरंच बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, कार्यक्रमाचे पैसे त्यात टाकतो). गिटारवाला म्हणतो सगळे ऑनलाइन प्रमोशनला लावू, प्लेलिस्टवर गाणी चढवणाऱ्या कंपन्या आहेत. बँजोवाली म्हणते सीडी काढू आणि गाडीत टाकून गावोगाव जाऊ. माझं ठरत नाही.

आणि दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. आठव्या गाण्यात मधे मी फिडलवर एक चाल वाजवलीय. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची, त्यातली. त्या दोघांचं म्हणणं, प्रसिद्धीत हेच पुढे आणायचं, भारतातली मुलगी, आजीची ओवी वगैरे. मला ते कसंतरी वाटतं, का ते नीट सांगता येत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

बँडचं नाव इथे लिहीत नाही, धाग्याची जाहिरात व्हायला नको.

पिंपळपान
वा! पहिलाच धागा आणि इतका छान. ते गाडीची किल्ली फ्रिजमध्ये प्रकरण फारच आवडलं. वाचतेय.

गावठी_मिरची
एक बाळबोध प्रश्न. बँजो म्हणजे आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तोच का? आमच्या गल्लीत बँजो पार्टी होती, त्या बँजोला टाइपरायटरसारखी बटणं असतात.

एकतारी
@गावठी_मिरची, नाही. आपला बँजो म्हणजे बुलबुलतरंगाला वीज जोडून केलेला प्रकार. यांचा बँजो म्हणजे चामडं ताणलेल्या गोल खोक्याला लांब दांडी आणि चार किंवा पाच तारा. हल्ली चामड्याच्या जागी प्लॅस्टिक असतं. मूळ आफ्रिकेतलं. गुलाम म्हणून ज्यांना आणलं त्यांनी तिकडच्या भोपळ्याच्या वाद्यांच्या आठवणीवर इथे बनवलं. पश्चिम आफ्रिकेतलं अकाँटिंग ऐका यूट्यूबवर, अंगठ्याने एक आखूड तार सतत छेडत राहायची पद्धत तिथेही दिसते. गोऱ्या डोंगराळ लोकांचं वाद्य अशी ओळख खूप नंतरची.

गावठी_मिरची
अरे वा, धन्यवाद. म्हणजे नाव एक आणि घराणी दोन.

न्यूजर्सीकर
मी इथे वीस वर्षं आहे, कंट्री आणि फोक माहीत आहे, पण हे 'अमेरिकाना' नक्की काय हे मला आजही कळलेलं नाही. कोणी सांगेल का?

रेडिओवेडा
@न्यूजर्सीकर, सांगतो. मी मिडवेस्टमध्ये विद्यापीठाच्या रेडिओवर सात वर्षं दर रविवारी सकाळी विनामोबदला कार्यक्रम करायचो, फोक आणि ब्लूग्रासचा. नव्वदच्या दशकात कंट्री रेडिओ फार चकचकीत झाला आणि मुळं धरून वाजवणाऱ्यांना तिथे जागा उरली नाही. कंट्री, फोक, ब्लूज, ब्लूग्रास, गॉस्पेल यांचा मिलाफ असलेल्या त्या सगळ्यांना एका छपराखाली आणायला हे नाव पुढे आलं. १९९९ मध्ये अमेरिकाना म्युझिक असोसिएशन निघाली आणि ग्रॅमीत 'बेस्ट अमेरिकाना अल्बम' हा स्वतंत्र प्रकार २०१० पासून. थोडक्यात, पेटीवरचं लेबल आधी आलेलं नाही, माल आधीच होता.

आता @डोंगरवाट यांच्यासाठी. प्लेलिस्टवाल्यांना एक पैसा देऊ नका. सविस्तर संध्याकाळी लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

शंकासुर
मला गायन-वादन कळत नाही पण एक गोष्ट विचारतो, राग मानू नका. तुम्ही एच-वन-बीवर आहात का? असाल तर सीडी विकून किंवा कार्यक्रमाचे पैसे घेऊन अडचणीत याल. तो व्हिसा ठरावीक कंपनीत ठरावीक कामापुरता असतो, बाहेरची कमाई चालत नाही, कितीही छोटी असली तरी. माझ्या ओळखीत एकाला तबल्याच्या क्लासेसवरून मनस्ताप झालाय.

डोंगरवाट
@शंकासुर, राग कसला, काळजीने विचारलंत. २०२१ ला ग्रीन कार्ड झालं. त्याआधी मी डब्यातला एक डॉलरही घेतला नाही, माझा वाटा बाकीचे दोघं वादळ-पूर-आग असल्या मदतनिधीला देऊन टाकायचे. वकिलांना विचारूनच केलं होतं सगळं. हे वाचणारं कोणी एच-वनवर असेल तर त्यांनीही आधी वकिलाला विचारा, खरंच.

बे_एरियातली_बाई
मी मार्केटिंगमध्ये आहे, त्यामुळे जरा वेगळं बोलते. घरी रेकॉर्ड केलंय हीच तुमची गोष्ट आहे, ती जोरात सांगा. बॉन इव्हरचं, म्हणजे जस्टिन व्हर्नन या गायकाच्या बँडचं, उदाहरण घ्या. त्याचा आधीचा बँड मोडला, आजारपण झालं आणि तो २००६ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या केबिनमध्ये जाऊन राहिला, तिथे एकट्याने रेकॉर्डिंग केलं, २००७ मध्ये स्वतःच ५०० सीडी काढल्या आणि पुढच्या वर्षी जॅगजॅगुवार या रेकॉर्ड कंपनीने (लेबलने) तोच अल्बम पुन्हा बाजारात आणला. लोकांनी आधी ती बर्फातल्या केबिनची गोष्ट ऐकली आणि मग गाणी. तुमच्याकडे पूर आहे, बेसमेंट आहे, गोधड्या आहेत, आजीची ओवी आहे. कोणालाही हेवा वाटावा असं साहित्य आहे हे.

तंबोरा
@बे_एरियातली_बाई, आदर ठेवून असहमत. केबिनची गोष्ट सगळे सांगतात, पण त्याआधी तो माणूस कित्येक वर्षं बँडमध्ये वाजवत होता हे कोणी सांगत नाही. विस्कॉन्सिन सोडून मित्रांसोबत रॅली शहरात म्हणजे यांच्याच नॉर्थ कॅरोलायनात जाऊन राहिला होता. गोष्टीमुळे लोक एकदा ऐकतात, दुसऱ्यांदा गाण्यामुळे. आणि पूर ही 'साहित्य' म्हणून वापरायची गोष्ट नाही हो, तिथे माणसं गेली आहेत.

बे_एरियातली_बाई
@तंबोरा, पुराबद्दल बरोबर आहे, शब्द चुकला माझा. मागे घेते. @डोंगरवाट, सॉरी.

डोंगरवाट
@बे_एरियातली_बाई, अहो सॉरी नका म्हणू, तुमच्या मनात तसं नव्हतं हे कळलं. पण तंबोरा म्हणतात ते आम्हा तिघांचंही आधीच ठरलंय. पुराचा उल्लेख पोस्टरवर करायचा नाही. इथे प्रत्येकाच्या घरात ती गोष्ट आहे, आम्ही ती त्यांनाच काय सांगणार.

अभ्यासू_बोका
घरच्या रेकॉर्डिंगबद्दल थोडी भर. ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेकच्या घरी चार ट्रॅकच्या टियाक कॅसेट मशीनवर दोन माइक लावून गाणी टेप केली, बँडला दाखवायला कच्ची म्हणून. मग स्टुडिओत पूर्ण बँडसोबत करून पाहिली तर त्यातला जीवच गेला. शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' म्हणून बाजारात आली. आयर्न अँड वाईन या नावाने गाणाऱ्या सॅम बीमचा २००२ चा पहिला अल्बमही घरीच चार ट्रॅकवर केलेला, तो माणूस तेव्हा मायामीत सिनेमॅटोग्राफी शिकवायचा. म्हणजे बस चालवणं आणि गाणी करणं यात काही विचित्र नाही.

न्यूजर्सीकर
कोल्ट्स नेक माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे आणि मला हे माहीत नव्हतं! उद्याच गाडीत लावतो.

रेडिओवेडा
हं, आता बसलोय निवांत.

आधी प्लेलिस्ट. माझ्या मित्राच्या बँडने एका कंपनीला ४०० डॉलर दिले. महिन्यात एका गाण्याचे आकडे एकदम वर गेले, सगळे खूश. दुसऱ्या महिन्यात, गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या वितरकाचा ईमेल: हे ऐकणारे खरे नाहीत, यंत्रं आहेत, गाणं काढून टाकतोय. गाणं गेलं, पैसे गेले आणि तोंड दाखवायची पंचाईत वेगळीच. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं आधीच्या बारा महिन्यांत किमान १००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. गाणी तिथे ठेवा, कारण कुणी नाव ऐकलं की शोधतं तिथेच, पण त्यावर पैसे ओतू नका.

बँडकॅम्पवर (कलाकारांनी स्वतःचं संगीत विकायची साइट) मात्र नीट दुकान मांडा. ते डिजिटलवर १५ टक्के घेतात आणि सीडी-टीशर्टवर १०. २०२० च्या मार्चपासून त्यांनी काही ठरावीक शुक्रवार सुरू केले, त्या दिवशी ते स्वतःचा वाटा सोडतात. अल्बम शक्यतो अशाच शुक्रवारी आणा.

आता रेडिओ, माझ्या जिव्हाळ्याचा विषय. आमच्याकडे आठवड्याला चाळीस-पन्नास पाकिटं यायची. कुठलं उघडायचो सांगतो. ज्यावर माझ्या कार्यक्रमाचं नाव हाताने लिहिलेलं असायचं ते. आत एकच कागद असायचा: कोण आहेत, कुठले आहेत, आमच्या भागात कधी वाजवणार आहेत, कुठली दोन गाणी आधी ऐकावीत आणि कुठल्या गाण्यात रेडिओवर न चालणारा शब्द आहे. बास. सहा-सात चकचकीत पानांचं चरित्र आलं की मी सीडी काढून घ्यायचो आणि कागद रद्दीत. अल्बम यायच्या सहा ते आठ आठवडे आधी पाठवा, आणि पन्नास स्टेशनांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा ज्यांचा कार्यक्रम तुम्ही स्वतः ऐकलाय अशा बारा जणांना पाठवा. तुमच्या भागात तर स्पिंडेलचं ८८.७ आहे, डब्ल्यूएनसीडब्ल्यू, या संगीताचं माहेरघर. मी इंटरनेटवर ऐकतो ते.

सातारी_कंदी
रेडिओवेडा, काय सुंदर लिहिलंय, वाचनखूण साठवली.

मी अमेरिकेत कधी आलेलो नाही पण सीडी का ऑनलाइन या वादावर एक सांगावंसं वाटतं. माझे चुलते नव्वदच्या सुमाराला जत्रांमधून कॅसेट विकायचे. पाली, शिखर शिंगणापूर, मांढरदेवी सगळीकडे. जमिनीवर ताडपत्री, दोन मोठे कर्णे, बॅटरीवरचा टेप आणि समोर कॅसेटच्या चवडी, देवाची गाणी, लोकगीतं. ते म्हणायचे, गाणं आवडलं म्हणून माणूस कॅसेट घेत नाही रे, तो इथे आला होता याची खूण म्हणून घेतो. घरी जाऊन ती वाजवली की पुन्हा जत्रेत. त्यामुळे तुमच्या बँजोवाल्या बाई बरोबर आहेत असं मला वाटतं. माणूस समोर गाणं ऐकतो, डोळे भरून येतात, तेव्हा त्याच्या हातात द्यायला तुमच्याकडे काहीतरी पाहिजे. तेव्हा त्याला 'घरी जाऊन शोधा' म्हणायचं नाही.

एकतारी
सातारी_कंदी +१००. चुलत्यांना दंडवत.

शंकासुर
पण आता सीडी लावायची कशावर? लॅपटॉपला खाच नाही, नव्या गाड्यांत नाही.

रेडिओवेडा
@शंकासुर, डोंगराळ भागात फोनची रेंज जाते आणि जुन्या पिकअप खूप आहेत, तिथे सीडी अजून चालते. सीडीसोबत डाउनलोडचा कोड द्यायचा, म्हणजे दोन्ही बाजू सांभाळल्या. रेकॉर्ड काढायचा विचार असेल तर अडतीस मिनिटं उत्तम, एका बाजूला एकोणीस, बावीसच्या पुढे गेलं की आवाज पडायला लागतो. पण रेकॉर्डच्या तबकड्या महाग पडतात आणि थांबावंही लागतं, पहिल्या खेपेला नको.

पिंपळपान
अवांतर: गोधड्यांचा फोटो टाका ना! सासूबाईंना माहीत आहे का त्यांच्या गोधड्या अमेरिकन गाण्यात आहेत?

डोंगरवाट
@पिंपळपान, फोटो टाकते नंतर. सहा आहेत, दोन त्यांच्या जुन्या लुगड्यांच्या, हिरवी आणि अंजिरी. त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर आधी म्हणाल्या, "अगं खिळे मारलेस का त्यांना?" मी म्हटलं नाही हो, पाइपावरून नुसत्या टाकल्यात, कपड्यांचे चिमटे लावून. मग बराच वेळ बघत बसल्या. नंतर दिरांनी सांगितलं की दुसऱ्या दिवशी आळीतल्या सगळ्यांना सांगून आल्या.

मनमौजी_मुलुंडकर
गोधड्यांना पण श्रेय द्या अल्बमवर, 'ध्वनिरोधन: सासूबाई'. :)

डोंगरवाट
हे आम्ही खरंच करणार आहोत! छान सुचवलंत.

तंबोरा
श्रेयावरून आठवलं, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी नीट हात घातलेला नाही म्हणून लिहिते.

कार्टर फॅमिली तुम्हाला माहीतच आहे, बाकीच्यांसाठी सांगते. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा माणूस व्हिक्टर कंपनीसाठी ब्रिस्टलला आला, टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरचं गाव, आणि एका इमारतीत यंत्र मांडून त्याने डोंगरातल्या लोकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. व्हर्जिनियाच्या डोंगरातली गाणारी कार्टर फॅमिली आणि गायक जिमी रॉजर्स, दोघांचीही पहिली ध्वनिमुद्रणं तिथलीच. पुढे त्या फॅमिलीतला ए. पी. कार्टर गाणी गोळा करत डोंगरात फिरायचा, तेव्हा त्याच्यासोबत लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा. रिडलचा जन्म बर्न्सव्हिलचा, म्हणजे डोंगरवाटच्या अगदी जवळ. कार्टर शब्द लिहून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात ठेवायचा. माणूस नव्हे, टेपरेकॉर्डर! आणि रेकॉर्डवर नाव कोणाचं? ए. पी. कार्टरचं. रिडलचं नाव लोकांना कळायला साठचं दशक उजाडलं.

मला वाटतं तुम्हाला जे 'कसंतरी' वाटतंय ते हेच आहे. आजीची ओवी पोस्टरवर टाकली तर ती आजीची राहत नाही, जाहिरातीची होते. आणि अजिबात सांगितलं नाही तर ती तुमच्या नावावर जमा होते. दोन्ही चूक. सीडीच्या आत आठव्या गाण्याखाली आजीचं पूर्ण नाव, गाव आणि 'जात्यावरची ओवी' एवढं छापा. विशेषणं नकोत. ज्याला वाचायचं तो वाचेल.

एकतारी
तंबोरा, अगदी मनातलं. जात्यावरच्या ओव्यांचा जो मोठा संग्रह गी पोयट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगाव फिरून केला, लाखाच्या वर ओव्या आहेत, आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकायला मिळतात, त्यात प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं. ओवी परंपरेची असते पण गळा त्या बाईचा असतो. तसंच लिहायचं.

डोंगरवाट
तंबोरा, एकतारी, मला दोन दिवस उत्तरच लिहिता आलं नाही. ती ओवी ऐकली तेव्हा मी सात वर्षांची असेन. शब्द आठवत नाहीत. चाल आठवते आणि जात्याच्या खुंट्यावरचा तिचा हात आठवतो, मनगटावरचं गोंदण पिठाने पांढरं झालेलं. तुम्ही म्हणता ते केलं की माझी तक्रारच उरत नाही. तुमचं लिहिणं भाषांतर करून त्या दोघांना वाचून दाखवलं. रिडलचं नाव निघाल्यावर बँजोवाली म्हणाली की तिच्या आजोबांनी त्याला वाजवताना ऐकलं होतं. गिटारवाला काही बोलला नाही, पण रात्री त्याने मला पोस्टरचा नवा मजकूर पाठवला, त्यात तिघांची नावं, वाद्यं आणि तारीख. बस.

बे_एरियातली_बाई
पटलं. मी अजूनही म्हणेन की गोष्ट सांगायला हवी, पण स्टेजवर, ते गाणं वाजवायच्या आधी दोन वाक्यात, स्वतःच्या तोंडाने. ते जाहिरातीत नको, तंबोरा बरोबर आहेत. आणि कार्यक्रमाला येणाऱ्यांचे ईमेल घ्यायला एक वही ठेवा. सोशल मीडियावरचे लोक उद्या त्या कंपनीच्या मनात येईल तसे दिसतील किंवा दिसणार नाहीत, वहीतले तुमचे.

अभ्यासू_बोका
दोन कोरड्या पण कामाच्या गोष्टी. दहापैकी एखादं दुसऱ्याचं गाणं आहे का? असेल तर सीडी काढायच्या आधी मेकॅनिकल लायसन्स (दुसऱ्याचं गाणं आपण गाऊन छापायची परवानगी) घ्या. २०२५ चा दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रति प्रत १२.७ सेंट होता, म्हणजे ३०० सीडींना ३८ डॉलर १० सेंट. फार नाही, पण राहून गेलं तर डोकेदुखी. पारंपरिक म्हणून ऐकलेलं गाणंही तपासा, कधी चाल जुनी असते आणि शब्द कोणीतरी नंतर लिहून नोंदवलेले असतात. दुसरं, ब्रिस्टलच्याच गोष्टीतला एक भाग तंबोरांनी सांगितला नाही. सुरुवातीला पीअरकडे हवे तेवढे लोक येत नव्हते. मग त्याने तिथल्या पेपरवाल्याला बोलावून रेकॉर्डिंग दाखवलं, रेकॉर्डचे किती पैसे मिळतात ते पेपरात छापून आलं आणि डोंगरातून लोकांची रीघ लागली. लोकल पेपरला कमी लेखू नका.

डोंगरवाट
@अभ्यासू_बोका, एक आहे, चौथं. आजच लायसन्सचं बघते. हे आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हतं!

न्यूजर्सीकर
हाउस कॉन्सर्टचा विचार केलाय का? आमच्याकडे मराठी मंडळात कुणी गाणारं आलं की एखाद्याच्या बैठकीच्या खोलीत सतरंज्या टाकून पन्नास माणसं बसवतो. माझी बायको बटाटेवडे करते. इथल्या अमेरिकन लोकांतही तीच पद्धत आहे असं कळलं, यजमान आपल्या ओळखीच्यांना बोलावतो, प्रत्येकी वीसेक डॉलर एका बरणीत, सगळे कलाकारांना. माइक नाही, दारू पिऊन आरडाओरडा नाही. तुम्ही जर्सीला आलात तर पहिली बैठक आमच्याकडे, हे जाहीर निमंत्रण.

गावठी_मिरची
बटाटेवड्यांसाठी मीही पुण्याहून येईन.

रेडिओवेडा
@न्यूजर्सीकर, एकदम बरोबर. ॲव्हेट ब्रदर्स हा बँड याच नॉर्थ कॅरोलायनातल्या काँकर्डचा. मोठ्या लेबलवर जायच्या आधी कित्येक वर्षं छोट्या रॅम्सर रेकॉर्ड्ससोबत रस्त्यावर होते, गावामागून गाव. आणि उलट उदाहरणही देतो, मिल्क कार्टन किड्स या जोडीने २०११ मध्ये दोन अल्बम स्वतःच्या साइटवर फुकट दिले, मग त्यावर गर्दी जमवून गावोगाव वाजवलं, २०१३ मध्ये अँटी नावाच्या लेबलवर गेले आणि त्या अल्बमला ग्रॅमी नामांकनही मिळालं. दोन्ही रस्ते शेवटी गाडीच्या डिकीतूनच जातात.

मनमौजी_मुलुंडकर
धागा वर काढतोय. पाच महिने झाले. ताई, काय झालं पुढे?

डोंगरवाट
सगळ्यांची माफी मागते, फार धावपळ होती. सांगते.

३०० सीडी काढल्या. पाकिटं पुठ्ठ्याची, बँजोवालीने लाकडावर डोंगराची रांग कोरली आणि त्या ठशाने आम्ही तिघांनी बेसमेंटमध्ये बसून एकेक छापली. पहिल्या पन्नास पुसट आल्यात, शाई कमी पडली. ऑनलाइन प्रमोशनला शून्य डॉलर. रेडिओवेडांनी सांगितलं तसं बारा जणांना हाताने लिहून पाकिटं पाठवली, चौघांनी गाणी लावली. आम्ही दुसरं आणि पाचवं ऐका म्हणून लिहिलं होतं, त्यातल्या दोघांनी लावलं आठवं. गावच्या साप्ताहिकात अर्धा कॉलम आला. आतापर्यंत अकरा कार्यक्रम, त्यातले सात लोकांच्या घरी. १७१ सीडी गेल्या. डब्यात आत्ता १९०० च्या आसपास आहेत, म्हणजे खर्च अजून पूर्ण निघाला नाही, पण निघेल असं दिसतंय. वहीत ३१२ ईमेल आहेत.

आत आजीचं नाव छापलंय, देवनागरीत, खाली गाव. त्याखाली सासूबाईंचं, गोधड्यांसाठी.

मागच्या महिन्यात एका चर्चच्या हॉलमध्ये वाजवलं. कार्यक्रम संपल्यावर एक आजोबा सीडी घेऊन टेबलापाशी आले, वय ऐंशीच्या पुढे असेल. चष्मा वर करून, त्या ओळीवर बोट ठेवून मला म्हणाले, हे कसं म्हणायचं ते सांग. मी आजीचं नाव सांगितलं. त्यांनी म्हणून बघितलं. चुकलं. परत म्हणाले. तिसऱ्यांदा बरोबर आलं, अगदी 'ळ' सकट. मग खिशातून वीस डॉलर काढले, सुटे नकोत म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. आम्ही सामान भरत होतो तोवर त्यांच्या पिकअपमधून आठवं गाणं ऐकू येत होतं.

काही सुचत नव्हतं मला त्यानंतर.

तंबोरा
...

सातारी_कंदी
चुलत्यांना वाचून दाखवलं. त्यांना एक सीडी पाहिजे, लावायला काही नाही तरी पाहिजे म्हणतात. साताऱ्याला पाठवायचा खर्च सांगा.

पिंपळपान
मला दोन. पुसट छापलेल्यातली एक चालेल, तीच द्या उलट.

न्यूजर्सीकर
मेच्या पहिल्या शनिवारी आमच्या घरी, चाळीस माणसांची नावं आली आहेत. तिघांपैकी कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते तेवढं कळवा, चटणीत घालायचे असतात. बाकी पत्ता व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पाठवतो.

डोंगरवाट
@सातारी_कंदी, चुलत्यांची सीडी माझ्याकडून, पैसे अजिबात घेणार नाही. पत्ता व्यनि करा. @पिंपळपान, पुसटांतली एक नक्की. @न्यूजर्सीकर, ॲलर्जी कोणाला नाही, पण बँजोवालीला तिखट सोसत नाही, तिच्यासाठी दोन वडे बेताचे करायला सांगा वहिनींना.